बाईंच्या कंपनीचा पडदा

बोनकोड्याला एका गाळ्यात आमच्या नाटक कंपनीचं सामान आहे. दर दिवाळीच्या आधी ठरतं की सगळं बाहेर काढायचं, झटकायचं आणि मोडकं असेल ते भंगारात द्यायचं. भंगारात काही जात नाही. कोणीतरी राक्षसाचं मुंडकं उचलतं आणि म्हणतं, याच्यावरून आठवलं. की काम थांबलं. सगळे गोणपाटावर बसतात, चहा येतो, दुपार जाते. सामान होतं तेवढंच राहतं, किस्से मात्र दरवर्षी वाढतात.

मी बोलणारा माणूस नाही. पण बाकीचे सांगतात त्यात तिखटमीठ फार असतं. म्हणून मी सांगतो.

आधी माझं. मी साताऱ्याकडचा, चौथी शिकलेला. हयात वाशीच्या मार्केटात गेली, पाठीवर पोती. पाठ गेली तेव्हा घरी बसलो. घरी बसणं मला जमलं नाही. भिंतीकडे बघत बसलेला माणूस स्वतःलाही नको होतो आणि सुनेलाही. कोपरखैरण्यात आमच्या कॉलनीच्या मागेच बोनकोडं. एकदा तिथून जाताना बाईंची माणसं टेम्पोतून सामान उतरवत होती. मी उभा राहून बघत होतो. बाई म्हणाल्या, "तुम्ही नुसते बघता का, की काही धरता?" मी म्हणालो, पाठीवर घेता येत नाही, हात धड आहेत. त्यांनी माझ्या हातात पडद्याची दोरी दिली. ती अजून माझ्याच हातात आहे.

बाई म्हणजे शाळेतून रिटायर झालेल्या मास्तरीणबाई. लहान मुलांसाठी नाटकं करतात. कंपनीला एक मोठं नाव आहे, बॅनरवर लिहिलेलं. पण घणसोलीपासून खारघरपर्यंत सगळे 'बाईंची कंपनी' एवढंच म्हणतात.

या कंपनीचा एक कायदा आहे. नाटक चालू असताना कुठल्याही मुलाला 'गप्प बस' म्हणायचं नाही. मूल मधे बोललं तर स्टेजवरच्याने त्याला उत्तर द्यायचं. राजाला विचारलं तर राजाने, सशाला विचारलं तर सशाने. आणि उत्तर देऊन नाटक पुढे न्यायचं.

मला हा कायदा पटला नव्हता. मी शिस्तीचा माणूस. मी बाईंना तोंडावर विचारलं, पोरांनी नाटकच मोडलं तर काय करायचं?

बाई म्हणाल्या, "तर दोष नाटकाचा. मुलांमुळे ज्या दिवशी पडदा मधेच पाडावा लागेल, त्या दिवशी कंपनी बंद. मग मला मुलांसाठी नाटक करायचा हक्क नाही."

बाई बोलतात ते करतात. म्हणजे दर प्रयोगाला कंपनीचा जीव त्या दोरीला टांगलेला. आणि दोरी धरणारा मी. मला पुन्हा भिंतीकडे बघत बसायचं नव्हतं. तेव्हा माझाही जीव तिथेच.

*

एकदा प्रयोग आमच्याच कॉलनीत लागला. मार्केटात काम करणाऱ्यांची कॉलनी. नाटकात एक राक्षस झोपलेला असतो. राक्षस म्हणजे मोहन. एरवी तो रिक्षा चालवतो आणि कोणी शिवी दिली तरी सॉरी म्हणतो. राक्षसाच्या उशाखाली किल्ली असते. तो उठल्याशिवाय किल्ली मिळत नाही, आणि तो उठतो फक्त मुलं ओरडली की. राजकन्या म्हणजे वैशाली. ती शिवणकाम करते, आमचे सगळे कपडे तिच्याच मशीनवरचे. ती पुढे येऊन मुलांना सांगते, ओरडा, जोरात ओरडा. या जागी छप्पर उडतं. वाशीला तर बाजूच्या इमारतीतला वॉचमन काठी घेऊन धावत आला होता.

आमच्या कॉलनीत एकही मूल ओरडलं नाही.

वैशालीने पुन्हा सांगितलं. मुलांनी उलट तोंडावर बोट ठेवलं. एका पोराची खुर्ची वाजली तर मागच्याने त्याला टपली मारली.

कारण मला माहीत होतं, वैशालीला नव्हतं. मार्केटात गाड्या रात्री लागतात. बाप सकाळी घरी येतो आणि दिवसा झोपतो. घर म्हणजे एक खोली. आमच्याकडे पोर बोलायच्या आधी एक गोष्ट शिकतं, की झोपलेल्या माणसाला उठवायचं नाही.

मोहन घोरतोय. वैशाली नुसती उभी. बाईंनी माझ्या हातातल्या दोरीकडे बघितलं. ती त्यांची सवय. नाटक अडलं की त्या मुलाकडे बघत नाहीत, नटाकडेही बघत नाहीत. दोरीकडे बघतात.

शेवटी वैशाली पुढच्या रांगेतल्या एका मुलीजवळ उकिडवी बसली आणि कुजबुजत विचारलं, मग याला उठवू तरी कसा?

मुलगी तिच्या कानात बोलली. पण हॉल इतका शांत होता की मलाही ऐकू आलं.

"चहा ठेव. वासाने उठतात."

वैशालीने तिथल्या तिथे हवेत गॅस पेटवला. आधण ठेवलं, आलं ठेचलं. सगळा हॉल तिला हळूच सांगत होता, साखर अजून, साखर अजून. मोहनचं नाक हललं. तो उठून बसला. आता त्याने मोठ्याने डरकाळी फोडायची, असं नाटकात होतं. त्याने तोंड उघडलं तेवढ्यात एक बारका मुलगा स्टेजला हात टेकून त्याला म्हणाला, "आधी पी. मग भांड."

तेव्हापासून त्या नाटकात चहा आहे.

*

याच्या उलट एका मोठ्या शाळेत झालं. शाळा बघण्यासारखी. एसी हॉल, मऊ खुर्च्या. मुलं ओळीने आली, ओळीने बसली. दर ओळीच्या टोकाला एक टीचर. मला बरं वाटलं. मनात म्हटलं, आज दोरीला धोका नाही.

विदूषक आला. पडला, उठला, पुन्हा पडला. कोणी हसलं नाही. त्याने स्वतःच्या पायात पाय घातला. कोणी हसलं नाही. विदूषकाचं काम करणारा आमचा बंड्या विंगेत आला आणि म्हणाला, तात्या, मी घरी जातो. मी त्याला परत ढकलला.

पण मला तेव्हा कळलं की असंही नाटक मोडतं. आरडाओरडा करून मोडतं तसं गप्प राहूनही मोडतं. स्टेजवरची माणसं एकेक वाक्य गिळायला लागली. दोन प्रवेश एकाच प्रवेशात उरकले. बाईंचे डोळे दोरीवर.

एक मुलगा मात्र मघापासून हात वर करून बसला होता. चष्मेवाला, भांग पाडलेला. हात दुखला की दुसऱ्या हाताने त्याला टेकू द्यायचा, पण खाली घ्यायचा नाही. बंड्याने ते पाहिलं. कायद्याप्रमाणे थांबला आणि विचारलं, काय रे राजा, काय पाहिजे?

मुलगा उभा राहिला.

"हसू का?"

बंड्याने ओळीच्या टोकाच्या टीचरकडे बघितलं. टीचर तरुण होत्या, त्यांनी तोंडावर हात घेतला, पण उशीर झाला. आधी त्याच हसल्या. मग हॉल हसला. बंड्याने आधीचं सगळं पडणं पुन्हा पहिल्यापासून करून दाखवलं, कारण मुलांचं हसणं मागे राहिलं होतं.

*

करावे गावात प्रयोग होता. देवळासमोरचा मांडव, समोर कोळ्यांची आणि आगऱ्यांची मुलं. नाटक एका कोळ्याचं. त्याच्या जाळ्यात बोलणारी मासळी सापडते. ती म्हणते, मला सोड, मी तुझं भलं करीन. तो सोडतो. पुढचं सगळं नाटक त्या सोडण्यावर उभं आहे.

मासळी वैशाली, कोळी मोहन. मोहन जाळं उघडायला वाकला आणि मांडवातून आवाज आला.

"सोरतंस कनाला? कालवन कर."

मोहन म्हणाला, सोडतो कशाला म्हणजे? अरे, ही बोलते.

दुसरा म्हणाला, बोलंना का. ताजी हाय म्हनून बोलते.

मग सगळा मांडव कालवणाच्या बाजूने झाला. कुणी कोकम घाल म्हणतंय, कुणी चिंच. मागे बसलेल्या बायका हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या, त्यांची मदत होण्यासारखी नव्हती. मोहनने शेवटचा प्रयत्न केला. म्हणाला, बोलणारी मासळी कधी कोणी खाल्लीय का?

एक पोरगा शांतपणे म्हणाला, "माझे आज्यानं."

मोहन माझ्याकडे बघायला लागला. मासळी सोडली नाही तर नाटक तिथेच संपतं. मी दोरी दोन वेढे जास्त घेतली. माझा हात चुकूनही सैल पडायला नको होता.

तेव्हा वैशाली जाळ्यातूनच बोलली. म्हणाली, खा मला, माझं काही म्हणणं नाही. पण मी बोलायची थांबत नाही. पोटात गेले तरी रात्रभर बोलणार.

मुलं विचारात पडली. आपसात चर्चा झाली. मग मघाचा कालवण सांगणाराच उभा राहिला आणि मोहनला म्हणाला, "सोर तिला. झोपू नाय देनार."

नाटक पुढे गेलं. संपल्यावर गावातल्या एका म्हातारीने आम्हा सगळ्यांना जेवायला बसवलं. ताटात मासळी होती. वैशालीने खाल्ली नाही. म्हणाली, आज नको, आज ओळख झालीय.

*

माझ्याबद्दल एक किस्सा मोहन फार सांगतो. तो चुकीचा सांगतो. खरा असा आहे.

नेरूळच्या एका हॉलची विंग उथळ होती. मी दोरी धरून उभा, तो समोरच्या डाव्या बाजूच्या मुलांना दिसत होतो. नाटक रंगात आलेलं. एका मुलीने राजकन्येला विचारलं, ते आजोबा कोण आहेत?

वैशाली म्हणाली, ते पडद्याचे राजे.

"ते चिडलेत का?"

वैशाली म्हणाली, नाही ग, त्यांचा चेहराच तसा आहे.

मुलीला पटलं नाही. राजकन्येच्या लग्नात एक माणूस चिडून उभा आहे, हे तिला चालेना. ती म्हणाली, त्यांना हसायला सांगा. मग बाकीची मुलं म्हणायला लागली. आजोबा हसा, आजोबा हसा. टाळ्यांचा ठेका धरला. लग्न थांबलं. भटजी थांबला. राजा, राजकन्या, विदूषक, सगळी कंपनी माझ्याकडे बघत उभी. कायदा कायदा आहे. उत्तर दिल्याशिवाय नाटक पुढे जात नाही.

मी बाईंकडे बघितलं. त्या दोरीकडे बघत होत्या.

मी हसलो.

हॉल एकदम गप्प झाला. मुलीने मला नीट निरखून बघितलं आणि म्हणाली, "नको. आधीसारखंच करा."

लग्न पार पडलं.

मागच्या वर्षी मला खोकल्यासाठी छातीचा एक्स-रे काढायला सांगितला. फोटो काढणाऱ्या मुलीने मला मशीनसमोर उभं केलं, हनुवटी वर करा म्हणाली, श्वास रोखा म्हणाली. मग थांबली. "तुम्ही बाईंच्या कंपनीतले ना? पडद्याचे राजे?" मी मान हलवली. ती म्हणाली, "हलू नका. हसू नका हे तुम्हाला सांगायला नको."

बाहेर आल्यावर तिने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि माझा नंबर आला नव्हता तरी रिपोर्ट हातात दिला. मार्केटात आयुष्यभर ओझी वाहिली. ज्यांची वाहिली त्यांच्यापैकी कोणी मला रस्त्यात ओळखत नाही. ही पोरं ओळखतात.

*

आमच्या गाळ्याचे मालक बाळारामशेठ. बोनकोड्याचेच. एकेकाळी जिथे त्यांचं शेत होतं तिथे आता चार सोसायट्या आहेत. स्वभाव मोकळा, आवाज मोठा. गावच्या प्रयोगाला बाईंनी त्यांना प्रमुख पाहुणे म्हणून पुढे बसवलं. शाल, नारळ, सगळं झालं. भाषण शेवटी ठेवलं.

नाटकात कोल्हा सशाकडे येतो. गोड बोलतो. म्हणतो, तुझं बीळ लहान आहे, मी तुला मोठं देतो, तू फक्त या पानावर पंजा उठव. ससा भोळा. तो पंजा चिखलात बुडवतो आणि पानावर ठेवणार, एवढ्यात पहिल्या रांगेतली सोफ्याची खुर्ची करकरली.

बाळारामशेठ उभे. शाल खाली पडलेली.

"अंगठा देव नको रं! माझे बापानी दिलता!"

ससा तसाच पंजा वर धरून राहिला. मुलांना काय, निमित्तच पाहिजे. सगळी ओरडायला लागली, देव नको, देव नको. कोल्हा म्हणजे मोहन. त्याने पान मागे लपवलं. तो घाबरलेला दिसत होता आणि ते नाटकातलं नव्हतं. गाळा शेठचा होता.

मी बाईंजवळ जाऊन हळूच विचारलं, कायदा मुलांचा आहे, हे तर आजोबा झालेत. यांना बसवू का?

बाई म्हणाल्या, "नाटक बघताना उठला तो मूलच. उत्तर द्यायला सांगा."

मग सशाने शेठना विचारलं, पंजा देऊ नको तर करू काय? कोल्हा रोज येतो.

शेठ विचारात पडले. त्यांना असा प्रश्न कोणी विचारला नसावा. थोड्या वेळाने म्हणाले, एकटा राव नको. भाव-भाव एकत्र राव. सशाला भाऊ नव्हता. पुढची दोन मुलं उठून स्टेजवर गेली आणि सशाच्या दोन्ही बाजूंना उभी राहिली. मग अजून गेली. कोल्ह्याने इतके ससे बघितले आणि पान स्वतःच फाडून टाकलं. आमच्या नाटकात हे शेवटच्या प्रवेशात होतं. जरा लवकर झालं. बाकीचा वेळ सशांनी नाच केला.

शेवटी माईक बाळारामशेठच्या हातात दिला. प्रमुख पाहुणे चार शब्द बोलतील, असं सांगितलं. शेठनी माईक हातात धरला, फुंकर मारली आणि म्हणाले, मला बोलायचं होतं ते मधीच बोललो. आणि बसले.

*

मग ती बंदची वर्षं आली. हॉल बंद, शाळा बंद. बाई मला फोन करून रोज एकच विचारायच्या, गाळ्यात उंदीर लागले का? मी रोज जाऊन बघायचो. राक्षसाचं मुंडकं पुसून ठेवायचो. पुन्हा सुरू झालं तेव्हा आमच्यात एकच टेन्शन. मुलं आता मोबाईलवर वाढलेली. त्यांना आम्ही पुरणार का?

पहिला प्रयोग खारघरला एका उंच सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये. राजा दरबारात बसून लांबलचक फर्मान काढतो, तो प्रवेश चालू. एक मुलगा उठला, स्टेजपर्यंत आला, हवेत बोट फिरवलं आणि मोहनला म्हणाला, "हे पुढे ढकला."

मोहनला कळेना. मुलाने पुन्हा बोट फिरवलं. मग वैशालीला कळलं. तिने मोहनच्या कानात सांगितलं. मोहनने फर्मान एका दमात, रिक्षाच्या मीटरसारखं धडधड म्हणून टाकलं. प्रधान पळत आला, पळत गेला. मुलं खूश. दुसरी एक मुलगी म्हणाली, आता मागे घ्या. प्रधान उलटा पळत आला. फर्मान शेवटाकडून सुरू झालं. मग कोणी थांबवा म्हटलं, सगळे पुतळे झाले. असं बराच वेळ चाललं. मोहनचा मुकुट एका कानावर आला. दम लागून तो सिंहासनावर पडला आणि राजाच्याच आवाजात म्हणाला, प्रजाजनहो, राजाची बॅटरी संपली.

मघाचा मुलगा वळून मोठ्याने ओरडला, "आई, चार्जर आहे का?"

पाणी आलं. राजा प्यायला. मुलगा समोर उभा राहून वाट बघत होता. राजा उठल्यावर तो म्हणाला, आता नीटच करा, मी बघतो. आणि शेवटपर्यंत बघत बसला.

त्या दिवशी बाईंनी विंगेत बसूनच डोळे पुसले. मी दुसरीकडे बघितलं.

*

आता शेवटचा. हा मी कुणाला सांगू देत नाही.

नाटक साळुंकीचं. एक राजा साळुंकीला पिंजऱ्यात कोंडतो, कारण ती सगळ्यांसमोर खरं बोलते. एकेक जण तिला सोडवायला येतो, कोणाला जमत नाही. शेवटी राजा स्वतः पिंजरा उघडतो. तिथे पडदा. पिंजरा मी केलेला, बांबूचा, माणूस उभा राहील एवढा. कडी साधी, बाहेरून, मुलांना दिसेल अशी.

कोपरखैरण्याच्या एका शाळेचा हॉल. तळमजला, मागचं दार थेट मैदानात उघडणारं. मोहन राजा. त्याने वैशालीला पिंजऱ्यात घातलं, कडी लावली, गर्जना केली आणि विंगेत आला. नाटक नुकतंच सुरू झालेलं. मी दोरी खुंटीला अजून गुंडाळलीही नव्हती.

दुसऱ्या रांगेतून एक मुलगी उठली. शाळेचा गणवेश, एक वेणी सुटलेली. पायऱ्या चढून वर आली, कडी काढली आणि वैशालीला म्हणाली, "चल."

वैशालीने उत्तर दिलं. म्हणाली, राजा रागावेल.

"तो गेलाय."

वैशाली म्हणाली, माझे पंख कापलेत ग. मला उडता येत नाही.

"मग चालत चल."

मुलीने तिचा हात धरला. दोघी पायऱ्या उतरल्या, मधल्या वाटेने निघाल्या. मग एक मूल उठलं, मग रांग उठली, मग सगळा हॉल उठला आणि त्यांच्या मागून मैदानात गेला. शिक्षकही गेले, मुलं सांभाळायला.

मोहन पुढच्या प्रवेशाला रुबाबात आत आला. पिंजरा उघडा. समोर सगळ्या खुर्च्या रिकाम्या. त्याने माझ्याकडे बघितलं.

मी दोरीकडे बघितलं. नाटक पाव झालं नव्हतं. साळुंकी नाही, प्रेक्षक नाही. याला मोडलं म्हणत नाहीत तर कशाला म्हणतात? मी दोरी दोन्ही हातांनी धरली. एवढ्या वर्षांत कधी धरली नव्हती.

बाई खुर्चीतून उठल्या. मला वाटलं, आता म्हणतात, पाडा. त्या मोहनला म्हणाल्या, "राजा आहेस ना? मग जा, शोध तिला."

मोहन मुकुट धरून पळाला.

बंड्या आणि बाकीचे रंगपटात, हॉलमध्ये आम्ही दोघंच राहिलो. बाई पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. मी दोरी सोडू शकत नव्हतो, म्हणून विंगेतूनच बोललो.

"बाई, कंपनी बंद का?"

"नाटक चालू आहे अजून."

"कुठे?"

"मला काय माहीत."

मैदानातून ओरडणं ऐकू आलं. मग हसणं. मग बराच वेळ काहीच नाही. ते काहीच नाही मला जड गेलं. मी मार्केटात ट्रकखाली सापडता सापडता वाचलोय, तेव्हाही इतकं जड गेलं नव्हतं. बाई रिकाम्या पिंजऱ्याकडे बघत बसल्या होत्या. त्यांनी एकदाही दोरीकडे बघितलं नाही.

मग दारात ती मुलगी दिसली. मागे साळुंकी, साळुंकीच्या मागे राजा. मुकुट त्याच्या हातात होता, डोक्यावर नव्हता. त्यांच्या मागे सगळी मुलं. कोणी काही सांगितलं नाही, पण सगळी आपापल्या जागी बसली. बाईंच्या शेजारीही एक येऊन बसला.

मुलगी एकटी वर आली. तिने पिंजऱ्याची कडी नीट लावली. मग विंगेत माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"झालं, आजोबा. पाडा आता."

मी बाईंकडे बघितलं. पहिल्या रांगेतून बाई म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघता? ती सांगतेय ना."

मी दोरी सोडली. पडदा पडला. मुलांनी टाळ्या वाजवल्या, त्या थांबेनात.

पडद्यामागे बाई मोहनसमोर उभ्या राहिल्या आणि विचारलं, बाहेर काय झालं? मोहनने वैशालीकडे बघितलं. वैशालीने मान हलवली. मोहन म्हणाला, "बाई, मुलांना शब्द दिलाय. सांगता येणार नाही."

बंड्या पेटीवर बसलाच. बाईंनी पदर खोचला, पिंजऱ्याला एक फेरी मारली आणि कडी बोटाने वरखाली करून बघितली.

"तात्या, ही कडी जरा घट्ट करा," त्या म्हणाल्या. "उद्याच्या मुलांना थोडा तरी वेळ लागू दे."

मी हो म्हणालो.

कडी अजून तशीच आहे.